जॉर्ज टाउनची भित्तिचित्रं: गाइडशिवाय पायी फिरायचं असेल तर

पेनांग बेटावरच्या जॉर्ज टाउनमध्ये भिंतींवरची चित्रं बघत फिरायला तिकीट नाही, गाइड लागत नाही आणि अख्खी फेरी अर्ध्या दिवसात होते. मलेशियाच्या सहलीत इतक्या कमी पैशांत इतकं काही देणारी दुसरी सकाळ सापडणं अवघड आहे. तरीही तिथून वैतागून परतणारी माणसं पुष्कळ असतात आणि त्यांची तक्रार बहुतेक एकच असते: ‘फोटोत दिसतं तसं काही नव्हतं.’ ही मंडळी हॉटेलातला नाश्ता आटोपून दहा-साडेदहाला निघतात, फोनवरच्या यादीतलं एकेक चित्र शोधत उन्हात वणवण करतात, प्रत्येक चित्रापुढे रांगेत उभी राहतात आणि दुपारी एकला थकून कुठल्यातरी कॅफेत बसतात. यादी बाजूला ठेवली, दोन-अडीच तास आधी निघालं आणि रस्त्यांचा क्रम नीट लावला, तर त्याच फेरीत खूप काही हाती लागतं. कुठे रेंगाळायचं, काय बिनधास्त सोडायचं आणि कुठे फसायला होतं, ते क्रमाने सांगतो.

आधी त्या भिंतींविषयी, कारण त्या समजल्या तर चित्रंही जास्त चांगली दिसतात. ईस्ट इंडिया कंपनीसाठी फ्रान्सिस लाइटने १७८६ मध्ये हे बंदर वसवलं. चिनी, तमिळ, मलय, आचेनी, अरब आणि आर्मेनियन व्यापारी इथे आले. खाली दुकान, वर बिऱ्हाड, दर्शनी भाग अरुंद आणि आत खोलवर गेलेली, मध्ये उजेडासाठी चौक ठेवलेली घरं रांगांनी उभी राहिली. ती आजपर्यंत टिकली याचं एक मोठं कारण म्हणजे भाडेनियंत्रण कायदा. मुंबईकरांना हा प्रकार समजावून सांगायला नको: भाडं वाढत नाही म्हणून मालक डागडुजी करत नाही, पण इमारत पाडतही नाही. इथलं भाडेनियंत्रण २००० साली उठलं आणि कित्येक जुने भाडेकरू बाहेर पडले, घरं ओस पडली. २००८ च्या जुलैमध्ये मलाक्का आणि जॉर्ज टाउन या दोन्ही शहरांना मिळून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. जुनी घरं, पोपडे उडालेल्या भिंती आणि अचानक आलेले पर्यटक, अशा वेळी ही चित्रं आली.

ती तीन थरांत आली आहेत आणि तिन्हींची किंमत सारखी नाही. पहिला थर लोखंडी सळयांचा. २००९ मध्ये राज्य सरकारने ‘मार्किंग जॉर्ज टाउन’ नावाची स्पर्धा घेतली, ती ‘स्कल्प्चर ॲट वर्क’ या मलेशियन संस्थेने जिंकली. स्थानिक व्यंगचित्रकारांची रेखाचित्रं सळया वाकवून भिंतींवर बसवली गेली. अशी ५२ आहेत आणि प्रत्येकात त्या रस्त्याचा एखादा किस्सा किंवा इतिहास मिश्कीलपणे सांगितलेला असतो. दुसरा थर २०१२ चा. त्या वर्षीच्या जॉर्ज टाउन फेस्टिव्हलसाठी अर्नेस्ट झाखारेविच या लिथुआनियन चित्रकाराने काही भिंती रंगवल्या. त्याची युक्ती साधी होती: माणूस रंगवलेला आणि त्याच्या हातातली किंवा पायाखालची वस्तू खरी. सायकल खरी, मोटारसायकल खरी, खुर्ची खरी. या चित्रांनी शहराचं नाव जगभर गेलं. पुढच्याच वर्षी भटक्या मांजरांविषयी कळकळ वाढावी म्हणून मांजरांच्या चित्रांची एक मालिका झाली. मग आला तिसरा थर: प्रत्येक कॅफे, प्रत्येक दुकान, प्रत्येक गेस्टहाउसने आपापली भिंत रंगवून घेतली.

पहिल्या दोन थरांसाठी वेळ काढा. तिसऱ्यातलं बहुतेक सोडून द्या. ओळखायचं कसं? चित्र त्या गल्लीविषयी काही सांगत असेल तर थांबा. पसरलेले पंख, हृदयाचे आकार, चहाचा मोठा कप, ज्याच्यापुढे उभं राहून फक्त स्वतःचा फोटो काढायचा, असं असेल तर पुढे चला. ते जगातल्या कुठल्याही शहरात मिळतं.

नकाशा फुकट मिळतो. बीच स्ट्रीटवरच्या व्हाइटअवेज आर्केडमध्ये पेनांगच्या पर्यटन विभागाचं कार्यालय आहे, तिथे भित्तिचित्रांचा छापील नकाशा असतो. आचे स्ट्रीटवर वारसा क्षेत्राचं काम बघणाऱ्या ‘जॉर्ज टाउन वर्ल्ड हेरिटेज’ संस्थेचं कार्यालय आहे, तिथे इमारतींविषयीची पत्रकं मिळतात. आमच्या मते ती चित्रांच्या नकाशापेक्षा जास्त उपयोगाची आहेत. चित्रांच्या नकाशाची अडचण अशी की त्यावर सगळ्या चित्रांना सारखाच ठिपका असतो. भिंतभर उंच चित्र आणि वितीएवढं मांजर, दोन्ही एकाच मापाचं. शिवाय कुठलं चित्र विटून गेलंय, हे नकाशा सांगत नाही. दोन्ही कार्यालयं तुम्ही सकाळी निघाल तेव्हा बंद असतील, म्हणून नकाशा आदल्या दिवशी आणून ठेवावा.

नावांचा घोळ आधीच सोडवून घ्या. पाट्या मलय भाषेत असतात आणि लोक जुनी इंग्रजी नावं वापरतात. लेबुह म्हणजे स्ट्रीट, जालान म्हणजे रोड, लोरोंग म्हणजे लेन. पिट स्ट्रीट म्हणून जो रस्ता सगळे सांगतात, त्याची पाटी ‘जालान मस्जिद कापितान केलिंग’ अशी आहे. सगळ्यात जास्त फसवणारी जोडी म्हणजे लेबुह पेनांग आणि जालान पेनांग. पहिला लिटल इंडियातला रस्ता, दुसरा गावाच्या पश्चिम अंगाचा मोठा रस्ता. दोन्हींमध्ये बरंच अंतर आहे. ग्रॅब या ॲपवरून टॅक्सी बोलावताना नुसतं ‘पेनांग’ लिहून पहिला पर्याय निवडला तर भलत्याच ठिकाणी उतराल. तसंच चुलिया स्ट्रीट वेगळा आणि त्याचा समुद्राकडचा तुकडा, म्हणजे गात लेबुह चुलिया, वेगळा.

आता वेळ. मलेशियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे आणि सूर्योदय सात वाजून गेल्यावरच होतो. त्यामुळे साडेसात म्हणजे इथे अगदी भल्या पहाटेची वेळ. उजेड मऊ असतो, दुकानांची शटर बंद असतात आणि चित्रांपुढे गाड्या लागलेल्या नसतात. हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. दहानंतर दुकानं उघडली की चित्रांच्या पायथ्याशी स्कूटर, मालाची खोकी आणि टी-शर्ट विकणारे ठेले येतात, आणि कितीही थांबलं तरी ते हलत नाहीत. बेट विषुववृत्तापासून फार लांब नाही, त्यामुळे बारा महिने उकाडा आणि घाम असतोच. डिसेंबर ते फेब्रुवारी तुलनेने कोरडे, सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये पाऊस जास्त. पाऊस बहुधा दुपारनंतर कोसळतो, म्हणूनही सकाळच बरी. पूर्ण मार्ग साडेतीन-चार किलोमीटरचा आहे. मध्ये नाश्ता आणि एक-दोन वास्तू धरून चार तास ठेवा. माणशी एक लिटर पाणी जवळ असू द्या.

सुरुवात बंदराकडून, म्हणजे ‘वेल्ड की’ या रस्त्यावरून करावी. समोरच्या किनाऱ्यावरच्या बटरवर्थहून येणारी फेरीबोट इथेच लागते आणि बसचं स्थानकही इथेच आहे. इथून पहिल्यांदा थेट आर्मेनियन स्ट्रीट गाठा. वाटेतलं दुसरं काही बघू नका, ते नंतरही रिकामं मिळतं. आर्मेनियन स्ट्रीट मात्र मिळत नाही.

आर्मेनियन स्ट्रीटवर बीच स्ट्रीटच्या बाजूने शिरलात की थोड्याच अंतरावर सायकलवरची दोन भावंडं दिसतात. पुढे बहीण हँडल धरून, मागे तिला घट्ट बिलगून ओरडणारा लहानगा भाऊ. सायकल खरी, भिंतीला जखडलेली. चित्र लहान आहे, मुलं जवळपास खऱ्या मुलांएवढीच. फोटोंमध्ये ते भिंतभर वाटतं, म्हणून प्रत्यक्षात पाहून काहीजणांचा विरस होतो. पण याचं खरं बळ या मापातच आहे: दहा पावलांवरून पाहिलं तर रस्त्यावरून खरीच सायकल गेल्याचा भास होतो. म्हणून आधी समोरच्या बाजूला जाऊन लांबून बघा, मग जवळ जा. सायकलवर बसू नका. मुलांना तर मुळीच बसवू नका. वर्षानुवर्षं लोक बसल्याने आणि हँडल ओढल्याने भिंतीतली पकड सैल होते, गिलावा निघतो, आणि मग दुरुस्तीला चित्राचाच तुकडा जातो. मागे किंवा बाजूला उभं राहून, पळत सायकल धरतोय अशा आविर्भावात काढलेला फोटो जास्त जिवंत येतो. साडेआठपर्यंत इथे निवांत उभं राहता येतं. दहानंतर रांग लागते आणि मागचे लोक घाई करतात.

हाच रस्ता पुढे चालत राहा, कारण आर्मेनियन स्ट्रीट चित्रांखेरीजही गावातला सगळ्यात भरलेला रस्ता आहे. चिया घराण्याचं कोंग्सी, म्हणजे कुळाचं देऊळ आणि सभागृह, इथेच. टुआ पेक कोंग या जुन्या गुप्त संघटनेचं मुख्य ठाणं असलेलं होक तेक चेंग सिन देऊळ इथेच. कॅनन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर याप घराण्याचं देऊळ. पुढे १२० क्रमांकाच्या घरात सन यत्-सेन यांनी १९१० मध्ये चिनी क्रांतीच्या तयारीचं काम चालवलं. आता तिथे छोटं संग्रहालय आहे आणि आतला चौक, लाकडी पडदे, फरशा बघायला मिळतात. बाहेरून ज्या अरुंद घरांच्या भिंतीवर आपण चित्रं बघतो, ती आतून कशी असतात हे पाहायचं तर हे घर सोडू नये. ते उघडायची वाट बघावी लागते, म्हणून परतीच्या क्रमात ठेवा.

याप देवळाच्या कोपऱ्यावरून कॅनन स्ट्रीटवर वळा. खऱ्या खुर्चीवर चढून वरच्या झरोक्याकडे हात लांबवणारा मुलगा इथे आहे. खुर्चीवर चढायचा मोह आवरा. कारण तेच, सायकलचं. याच रस्त्यावर सळयांचं एक शिल्प तोफगोळ्याच्या भोकाविषयी आहे. १८६७ मध्ये गी हिन आणि टुआ पेक कोंग या दोन चिनी टोळ्यांमध्ये इथे मोठी दंगल पेटली. एकीला पांढऱ्या झेंड्याच्या आणि दुसरीला लाल झेंड्याच्या मुस्लिम संघटनेची साथ होती. त्या वेळी डागलेल्या तोफांवरून रस्त्याला हे नाव पडलं असं सांगतात. आत्ताच जे होक तेक देऊळ पाहिलंत, ते यातल्या एका बाजूचं ठाणं. हे माहीत असलं की शांत दिसणाऱ्या या दोन गल्ल्यांमधलं अंतर किती कमी आहे, हे जाणवतं.

कॅनन स्ट्रीटवरच्या बोळातून आत गेलं की खू कोंग्सी. सकाळी ९ ला उघडतं, तिकीट आहे, आणि या फेरीत एकाच जागी पैसे खर्च करायचे असतील तर ते इथे करा. आधीची इमारत १९०१ मध्ये जळाली, सध्याची १९०६ मध्ये पूर्ण झाली. छपरावरची फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांची नक्षी, दगडी खांब, सोन्याचा मुलामा दिलेलं लाकडी कोरीवकाम बघायला पाऊण तास लागतो. इथली स्वच्छतागृहंही वापरून घ्या. या भागात सार्वजनिक सोय फारशी नाही, आणि कॅफेत जायचं तर काहीतरी विकत घ्यावंच लागतं.

खू कोंग्सीतून परत पिट स्ट्रीटवर या आणि आह क्वी स्ट्रीटमध्ये शिरा. इथे जुन्या मोटारसायकलवर बसलेला मुलगा आहे. झाखारेविचच्या या गावातल्या कामांत आम्हाला हे सगळ्यात चांगलं वाटतं. खरी, गंजकी मोटारसायकल भिंतीला टेकवलेली, मागे बंद दार, आणि वळून बघणारा मुलगा. भिंतीचा रंग, दाराचा रंग आणि गाडीचा गंज एकमेकांत असे मिसळले आहेत, की चित्र कुठे सुरू होतं तेच पटकन कळत नाही. सायकलपेक्षा इथे गर्दीही कमी. जवळच काडीरेषांच्या डायनोसॉरला दोरीने बांधून फिरवणारा मुलगा आहे; तो बराच पुसट झालाय, नीट बघितलं तरच सापडतो. मांजरांच्या मालिकेतलंही एक चित्र याच गल्लीत आहे.

गात लेबुह चुलियाजवळच्या ‘स्टेप बाय स्टेप’ नावाच्या बोळात झोपाळ्यावरची भावंडं आणि बास्केटबॉल खेळणारी मुलं आहेत. ही चित्रं लुई गान या मलेशियन चित्रकाराची, झाखारेविचची नव्हेत. फिरत्या पोस्टमध्ये ती सर्रास त्याच्या नावावर घातली जातात. झोपाळा खरा आहे. कुटुंबासोबत असाल तर मुलांना इथे जास्त मजा येते, कारण जागा थोडी मोकळी आहे आणि गाड्यांची वर्दळ नाही.

आता थोडं थांबून भिंतींकडे बघायला हवं, कारण चित्रं विटलेली का दिसतात याचं उत्तर तिथे आहे. ‘सरकार लक्ष देत नाही’ एवढं म्हणून भागत नाही. या घरांच्या विटा मऊ आहेत, चुन्यात बांधलेल्या आणि चुन्यानेच गिलावा केलेल्या. पायात ओल अडवणारा थर नाही. जमिनीतलं पाणी विटांमधून वर चढतं, साधारण कमरेपर्यंत, आणि येताना क्षार घेऊन येतं. चुन्याचा गिलावा ही ओल बाहेर पडू देतो. पण त्यावर ॲक्रिलिक रंगाचा किंवा सिमेंटचा थर दिला की वाट बंद होते. मग पाणी रंगाच्या मागे साठतं, क्षारांचे खडे तयार होतात आणि रंगाला फोड येऊन पापुद्रे सुटतात. म्हणून बहुतेक चित्रांचा खालचा मीटरभर भाग सगळ्यात आधी जातो आणि वरचा बरा राहतो. सायकलीच्या चाकांभोवती, मोटारसायकलच्या मागे बघा, हेच दिसेल. वरून पुन्हा रंग भरला तरी ओलीचा रस्ता तसाच राहतो, म्हणून काही वर्षांत तीच जागा पुन्हा सोलते. त्यात हजारो हातांचा घाम आणि समुद्रावरची खारी हवा. सळयांच्या शिल्पांचं वेगळं: त्यांना ओलीचं भय कमी, गंजाचं जास्त, आणि गंजाचे तपकिरी ओघळ खालच्या भिंतीवर उतरलेले दिसतात. तात्पर्य एवढंच की आठ-दहा वर्षांपूर्वीचा फोटो हातात धरून तुलना करू नका आणि भिंतीला हात लावू नका.

इथून पुढचा मार्ग झपाट्याने सांगता येतो. पिट स्ट्रीटवर कापितान केलिंग मशीद, १८०१ ची, भारतीय मुस्लिमांनी उभारलेली. नमाजाच्या वेळा सोडून आत जाता येतं, अंगभर कपडे हवेत. तिच्या पलीकडे लिटल इंडिया. क्वीन स्ट्रीटवरचं श्री महामारिअम्मन मंदिर १८३३ चं, पेनांगमधलं सगळ्यात जुनं हिंदू देऊळ. मग कुआन यिन देवीचं मंदिर, उदबत्त्यांच्या धुरात बुडालेलं. आणखी पाच मिनिटं चाललात तर सेंट जॉर्ज चर्च, १८१८ चं. या चर्चच्या बांधकामावर हिंदुस्थानातून आणलेले कैदी राबले होते. कंपनीच्या काळात काळ्या पाण्याची शिक्षा झालेले कैदी अंदमानच्या आधी पेनांगसारख्या बंदरांत पाठवले जात. त्यांत बंगाल, मद्रासबरोबर मुंबई इलाख्यातले लोकही होते. या गावातले कितीतरी रस्ते आणि सरकारी इमारती त्यांच्या हातच्या आहेत. या माणसांचं एखादं मोठं चित्र इथल्या भिंतीवर असायला हवं होतं, असं फार वाटतं.

नाश्त्यासाठी लिटल इंडिया ही सोयीची जागा. शाकाहारी लोकांनी एवढं लक्षात ठेवावं: मलय आणि चिनी पदार्थांत ‘बेलाचान’ म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची चटणी वाटणात असते, दिसत नाही. ‘भाज्या घातलेल्या नूडल्स’ मागितल्या तरी त्यात ती येऊ शकते, आणि ‘चार कोय तेओ’ हा तांदळाच्या नूडल्सचा पदार्थ बऱ्याच ठिकाणी डुकराच्या चरबीत परततात. नुसतं ‘नो मीट’ म्हणून चालत नाही. मासे, कोळंबी, अंडं, चरबी, एकेक नाव घेऊन नको म्हणा. लेबुह पेनांगवर वूडलँड्स नावाचं शुद्ध शाकाहारी दाक्षिणात्य हॉटेल आहे, तिथे इडली-डोशाचा प्रश्न सुटतो. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी बौद्ध शाकाहारी खानावळी शोधाव्यात, त्यांच्या स्वयंपाकात दोन्ही वर्ज्य असतं. सोयाचं खोटं मांस मात्र हुबेहूब असतं, ते बघून दचकू नका. रोती चनाई आणि तेह तारिक, म्हणजे पदर सुटलेला पराठा आणि उंचावरून ओतलेला दुधाचा चहा, कुठल्याही मामक, म्हणजे तमिळ मुस्लिमांच्या टपरीवर मिळतात. रोतीसोबतची डाळ मात्र विचारून घ्या, काही ठिकाणी वर माशाच्या रश्श्याचा डाव ओततात.

नाश्त्यानंतर स्टुअर्ट लेन धरून सरळ पश्चिमेला चला. लव्ह लेन ओलांडली की तोच रस्ता मुंत्री स्ट्रीट होतो. या पट्ट्यात सळयांची शिल्पं दाट आहेत. बायकोच्या धाकाने वरच्या मजल्यावरून सटकणारा नवरा लव्ह लेनवर, आणि चपला-बूट बनवणारे जगप्रसिद्ध जिमी चू यांनी जिथे उमेदवारी केली त्या जागेचं शिल्प मुंत्री स्ट्रीटच्या टोकाकडे. ती नजरेच्या वर बसवलेली असतात, म्हणून फोनमध्ये मान घालून चाललात तर निम्मी निसटतात. मुंत्री स्ट्रीटवरच झाखारेविचची निळ्या कपड्यांतली मुलगी आहे. दोन खिडक्यांच्या वर हात टेकून अधांतरी लोंबकळणारी, भिंतभर उंच. हिला खरी वस्तू लागलेली नाही, खरी इमारतच तिची वस्तू आहे. रस्त्याच्या पलीकडून, थोडं तिरकं उभं राहून बघा. समोरून वाहनं सतत जातात, रस्त्यात उभं राहून फोटो काढू नका.

लीथ स्ट्रीटवर चेओंग फात त्झे यांची निळी हवेली आहे. तो गडद निळा रंग म्हणजे चुन्यात नीळ कालवून दिलेली सफेदी. मघाशी पाहिलेल्या सोललेल्या चित्रांशी ही भिंत ताडून बघा. चुन्याची असल्याने ओल बाहेर पडते, रंग हळूहळू फिका होतो पण पापुद्रे सुटत नाहीत. आत जायचं तर वेगळं तिकीट आहे आणि वेळा ठरलेल्या असतात. वेळ जुळली तर जा, नाहीतर बाहेरूनही रंग कळतो.

शेवट जालान पेनांगवर. इथे सायकलरिक्षात पाय वर घेऊन गिऱ्हाइकाची वाट बघणारा म्हातारा रिक्षावाला आहे, झाखारेविचचंच मोठं चित्र. मग केंग क्वी गल्लीत चेंडोल: बर्फाचा चुरा, नारळाचं दूध, ताडाचा गूळ, लाल राजमा आणि पांदानच्या पानांनी हिरव्या केलेल्या शेवया. चवीला आपल्या फालुद्यापेक्षा कमी गोड, आणि पूर्ण शाकाहारी. उभ्याने खायचं, पाच मिनिटांत संपतं. इथून कोमतार हा उंच मनोरा चालत जवळच आहे. तिथून बंदराकडे परतायला सीएटी नावाची फुकट बस मिळते.

ही फेरी सगळ्यांसाठी नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. घरांपुढे जो छपराखालचा ओटा असतो, ज्याला इथे काकी लिमा म्हणतात, तो मुळात पादचाऱ्यांना ऊन-पाऊस लागू नये म्हणून होता. आज त्यावर स्कूटर, कुंड्या, टेबलं असतात, आणि प्रत्येक घराच्या ओट्याची उंची वेगळी. दर पंधरा-वीस पावलांवर पायरी चढा, उतरा, मध्येच रस्त्यावर या, कडेचं उघडं गटार ओलांडा. चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी घेऊन हे जमत नाही. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांसाठी तासाच्या भाड्याने सायकलरिक्षा घ्यावी. भाडं आणि थांबे बसण्याआधी ठरवावेत, आणि आर्मेनियन, आह क्वी, कॅनन, मुंत्री एवढीच चार नावं सांगावीत. भाड्याची सायकल अंतराच्या दृष्टीने बरी, पण दर दोन मिनिटांनी थांबून कुलूप लावायचा कंटाळा येतो. पाठीवरची किंवा खांद्यावरची पिशवी भिंतीकडच्या बाजूला ठेवा. मोटारसायकलवरून पिशव्या हिसकावण्याचे प्रकार या गावात होतात.

च्यू जेटी सकाळी न ठेवता संध्याकाळी ठेवा. समुद्रात खांबांवर उभी असलेली ही च्यू घराण्याची वस्ती, लाकडी फळ्यांच्या वाटेने आत जाता येतं. आर्मेनियन स्ट्रीट जिथे समुद्राकडे संपतो, तिथून जवळच. झाखारेविचचं होडीतल्या मुलांचं चित्र इथे होतं, ते खाऱ्या वाऱ्यात पार विटलं. त्यासाठी जाऊ नका. वस्ती बघायला जा, पण लोक तिथे राहतात हे ध्यानात ठेवा. पाहुण्यांच्या वेळा पाटीवर लिहिलेल्या असतात, त्या पाळा, आणि उघड्या दारातून आतले फोटो काढू नका. एका टोकाला देव्हारा आहे, तिथून सूर्यास्तानंतरची बंदराची बाजू चांगली दिसते.

जाण्याविषयी थोडक्यात. भारतीय पासपोर्टवर ३० दिवसांपर्यंत व्हिसाची गरज नाही. ही सवलत सध्या ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत जाहीर झालेली आहे. उतरण्याआधीच्या तीन दिवसांत मलेशियाचं डिजिटल आगमनपत्र ऑनलाइन भरावं लागतं, ते फुकट आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नव्हेत. मुंबई-पुण्याहून क्वालालंपूरमार्गे विमानाने जाता येतं, किंवा चेन्नईहून पेनांगला डिसेंबर २०२४ पासून सुरू झालेली थेट सेवा घेता येते. क्वालालंपूरहून बटरवर्थपर्यंतची ईटीएस रेल्वे साधारण चार तासांची आहे, पुढे फेरीबोट. विमानतळावरून गावात येणारी सार्वजनिक बस बंदरापर्यंत येते आणि टॅक्सीच्या मानाने अगदी स्वस्त पडते.

रविवारी मुक्काम असेल तर जालान गुरुद्वारावरचा हिन बस डेपो जोडून घ्या. बंद पडलेल्या बस डेपोची ही जागा २०१४ च्या जानेवारीत झाखारेविचच्या प्रदर्शनाने पुन्हा वापरात आली, आणि आता तिथे कलादालनं आहेत. आवारातल्या छप्पर उडालेल्या भिंतींवर निरनिराळ्या चित्रकारांची मोठी कामं आहेत, आणि ती गावातल्या इतर चित्रांपेक्षा जास्त धीट आहेत, कारण इथे पर्यटकाला खूश करायची सक्ती नाही. प्रवेश फुकट. रविवारचा छोटा बाजार अकराच्या सुमारास भरतो, म्हणून सकाळची फेरी आटोपून कोमतारच्या बाजूने थेट इकडे येता येतं; चेंडोल मग परतताना खा.